मुके कॉल

शुभे, तुला जाऊन महिनाही झाला नाही आणि आपल्या विभागाने तुझ्या टेबलावर प्रिंटर आणून ठेवला. मी भांडले. भांडणारच. हेड म्हणाले, "मॅडम, जागेचा प्रश्न आहे." मी म्हटलं, "जागेचा प्रश्न ती होती तेव्हाही होता, तेव्हा नाही कुणाची हिंमत झाली." प्रिंटर मात्र तिथेच राहिला. तू असतीस तर त्याची वायर काढून पर्समध्ये टाकली असतीस आणि दिवसभर साळसूद चेहऱ्याने सगळ्यांना विचारत फिरली असतीस, "काय हो, प्रिंटर चालत नाही वाटतं?" मला तसलं जमत नाही. मला नुसतं ओरडता येतं.

शोकसभाही झाली. माटुंग्याच्या आपल्या कॉलेजातला तो हॉल, ज्याचा एसी आपल्याला कधीच कमी करता आला नाही. तुझ्या फोटोला एवढा मोठा हार घातला की तुझी हनुवटी झाकली गेली. "वायरलेस नेटवर्कच्या क्षेत्रातलं मोलाचं योगदान" हे इतक्या जणांनी म्हटलं की कान किटले. मग मला बोलायला उभं केलं. मी माइक हातात घेतला आणि तो कुईऽऽ करून ओरडला. माझ्या डोक्यात तुझाच आवाज आला, "नीले, स्पीकरच्या पुढ्यात उभी राहिलीस तर ओरडेल नाही तर काय करेल? मागे हो." मी मागे झाले, आणखी मागे झाले, आणि जाऊन खुर्चीवर बसले. एक शब्द बोलले नाही. लोकांना वाटलं, बाईंना भरून आलं. भरून आलं होतंच गं, पण त्याहून जास्त राग आला होता. तिथे बोलायचं ते इथे लिहितेय.

खरं म्हणजे मला तुला एकच विचारायचंय. तुझ्या माझ्या शेवटच्या कॉलवर, त्या काळ्या पडद्यामागे, मी होते हे तुला कळत होतं का? बाकी सगळं जगाने ठरवावं. एवढं मला कळायला हवं होतं, आणि ते सांगायला तू नाहीस.

पण आधी भांडण. आपल्याला न ओळखणारेही हे वाचतील, त्यांना आपलं भांडण कळल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही.

कुठल्याही लग्नाकार्यात लोक विचारायचे, तुम्ही दोघी नक्की काय करता हो? मी सुरुवात करायचे, सिग्नल, पॅकेट, बँडविड्थ, आणि समोरच्याची नजर गुलाबजामांकडे वळायची. तू मध्येच म्हणायचीस, "व्हिडिओ कॉलवर माणूस अडकतो ना, तोंड उघडं ठेवून? त्याचं तोंड आम्ही मिटवतो." झालं. सगळ्यांना कळायचं. मला तेव्हा तुझा हेवा वाटायचा आणि थोडा संतापही यायचा, कारण ते इतकं सोपं नव्हतं.

रेंज कमी झाली की फोनला चेहरा आणि आवाज दोन्ही वाहून आणणं झेपत नाही. काहीतरी टाकावं लागतं. काय टाकायचं ते यंत्र पापणी लवायच्या आत ठरवतं. पण यंत्राला शिकवतं कोण? कँटीनमध्ये चहा गार करत बसलेल्या आपल्यासारख्या बायका. काय टाकलं तर इकडच्या माणसाला कमीत कमी चुकल्यासारखं वाटेल, हे शोधण्यात आपलं अर्धं आयुष्य गेलं.

तू म्हणायचीस, आवाज. काहीही झालं तरी आवाज तुटता कामा नये, चित्र गेलं तर जाऊ दे. तुझं लहानपण गिरगावातल्या चाळीतलं, वडील बोटीवर. वर्षावर्षाने यायचे. मधल्या काळात शेजारच्या पेंडशांकडे फोन यायचा आणि पेंडसेकाकू गॅलरीतून हाक मारायच्या, "शुभदाऽ, बाबांचा फोन!" तू परकर सावरत धावायचीस. खरखरीतून तो आवाज यायचा, "अभ्यास करतेस ना?" बस, तेवढंच. "माझे बाबा म्हणजे दहा वर्षं नुसता आवाज होते गं," असं तू म्हणाली होतीस. त्यांचा चेहरा आठवायचा तर फोटो बघावा लागायचा, आवाज मात्र कधी शोधावा लागला नाही.

आणि मी म्हणायचे, चेहरा. कारण माझे बाबा. नायगावच्या चाळीतून रोज परळच्या गिरणीत जायचे, विणखात्यात. मागांच्या त्या खडखडाटात उभं आयुष्य काढलं आणि कान तिथेच ठेवून आले. खात्यातली सगळीच माणसं एकमेकांच्या ओठांवरून बोलणं ओळखायची. घरी आले तरी तीच सवय. आई पाठमोरी उभी राहून काही बोलली की चिडायचे, "तोंड इकडे कर, मग बोल!" त्यांच्यासाठी आवाज म्हणजे काहीच नाही. ओठ दिसले की सगळं आलं.

तू पहिल्यांदा आमच्या घरी आलीस तेव्हा त्यांच्या कानाशी जाऊन केवढ्याने ओरडलीस! "नमस्काऽऽर काका!" शेजारची बाई दार उघडून बघायला आली. बाबा शांतपणे म्हणाले, "ओरडू नको बाय. तोंड दाखव." तू इतकी हसलीस की ठसका लागला. घरी परत निघताना जिन्यात म्हणालीस, "तुझा मुद्दा आज मला पटला. उद्या परत पटणार नाही."

तसंच झालं. तुला ते कधीच पटलं नाही.

अ‍ॅप तयार झालं तेव्हा तुझा नियम त्यात गेला. व्हिडिओ कॉलचा तो प्रकल्प तुझ्या नावावर होता आणि तू तेवढी दादागिरी करून घेतलीस. रेंज पडली की आधी चित्र जाणार, आवाज शेवटपर्यंत टिकणार. मी म्हटलं, "बघ, एक दिवस पस्तावशील." तू म्हणालीस, "तेव्हा तुला पार्टी देईन."

आपण दोघीही आपल्याआपल्यात तेच अ‍ॅप वापरायचो. संशोधन म्हणून कमी, भांडायला म्हणून जास्त. संध्याकाळी मी अँटॉप हिलच्या क्वार्टरमध्ये ओट्याशी, तू गिरगावात खिडकीशी. त्यातच तो डाळीचा किस्सा झाला. तू आमच्याकडे जेवायला आली होतीस, चेहरा की आवाज हे चालूच होतं, मी हातवारे करून काहीतरी सांगत होते आणि कुकरने शिट्ट्या मारून मारून शेवटी वॉल्व्ह उडवला. डाळ थेट छताला! बाबा बाजूलाच भाजी निवडत बसले होते. त्यांना काही ऐकूच आलं नाही. डोक्यावर टपकन थेंब पडला तेव्हा त्यांनी वर बघितलं आणि म्हणाले, "हे काय, गळतंय?" तो पिवळा डाग अजून आहे. क्वार्टरला रंग काढायला घेतला होता तेव्हा मी तेवढा कोपरा सोडायला लावला, हे तुला सांगायचं राहिलं.

त्या दिवसापासून मात्र तू माझी पाठ सोडली नाहीस. कॉलवर कितीही गंभीर विषय असू दे, मागे कुकर वाजला की तुझं वाक्य अर्ध्यात तुटायचं. "नीले, गॅस!" एकदा परदेशातली तीन माणसं कॉलवर होती, एक गोरा प्रोफेसर आपल्या कामावर बरंच चांगलं बोलत होता, आणि तू त्याला तोडून म्हणालीस, "नीले, गॅस बंद कर." त्याने नंतर मेलमध्ये विचारलं होतं, ही कुठली संज्ञा आहे म्हणून.

मला तुझा राग यायचा तेव्हा मी स्वतःला दुसरा एक प्रसंग आठवायला लावायचे. माझी पहिली परिषद. मी घाबरलेली, इंग्रजी आधीच अडखळतं, आणि पहिल्या रांगेतल्या एका बड्या माणसाने इतक्या वेगाने प्रश्न फेकला की मला एक अक्षर कळलं नाही. आपली ओळखही नीट नव्हती तेव्हा. तू मागून उठलीस आणि चक्क म्हणालीस, "सर, इथे मागे रेंज नाहीये, परत बोला, आणि जरा हळू." सगळा हॉल हसला. तो माणूसही हसला आणि परत बोलला, हळू. मग मला उत्तर येत होतं. तुला थँक्यू म्हणायला आले तर तू म्हणालीस, "मलाही कळलं नव्हतं गं, माझ्यासाठी उठले." खोटारडी. तुला कळलं होतं.

आता लालबागचं सांगते.

त्या चाळीत आपण ज्यांचं कुणीतरी लांब आहे अशा घरांना अ‍ॅप दिलं. पुण्याला मुलगी, मस्कतला मुलगा, गावाला आई. गॅलरीत मीटरच्या पेटीवर एक राउटर, त्याच्यावर सगळा मजला. तू खोल्याखोल्यांत सिग्नल मोजत फिरलीस आणि तावडेकाकूंच्या खोलीत येऊन थबकलीस. दारात झकास रेंज, आत ओट्यापाशी मेलेली. मधल्या भिंतीवर काकूंची स्टीलची मांडणी, घासून लखलखीत केलेली ताटं आणि डबे, वरपासून खालपर्यंत. सगळा सिग्नल त्या ताटांवर आपटून परत जात होता. तू फार आदराने सुचवलंस, मांडणी समोरच्या भिंतीवर नेली तर? काकूंनी तुझ्याकडे असं बघितलं की जणू तू देव्हारा संडासात हलवायला सांगत होतीस. मांडणी काही हलली नाही. आपल्या शोधनिबंधात आपण त्याला "स्थायी धातूचा अडथळा" असं म्हटलंय.

आणि मग ती आपली अक्कल. कॉल चालू आहे, पण कुणी बोलत नाही, कॅमेऱ्यापुढे कुणी नाही, असं बराच वेळ झालं तर माणूस फोन ठेवायचा विसरलाय असं समजायचं आणि कॉल आपोआप बंद करायचा. लोकांचा डेटा वाचेल, बॅटरी वाचेल. किती खूश होतो आपण! दोघींचं एकमत झालेली ती बहुधा एकच गोष्ट. आपण त्याचे पेढे खाल्ले होते, आठवतं?

पुढच्या खेपेला आपण जिना चढून वर येतो तर काकू गॅलरीत पदर खोचून उभ्याच.

"मेल्यानु, माझो फोन कोण कापता?"

तू म्हणालीस, "काकू, कोणी बोलत नव्हतं म्हणून तो आपोआप..."

"बोलाक कित्याक व्हया? माझो झील थय एकटो रांधता, मी हय रांधतय. तो थय कांदो कापता, मी हय मासे साफ करतय. आमी बोलतलव नायतर गप रवतलव, तुमका काय करूचा आसा?"

तुझी आजी सावंतवाडीची. तू लगेच मालवणीत सुरू झालीस, डेटा काय, बॅटरी काय, सगळं समजावलंस. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरा सांगलंस. आता ता काढ."

तू दुसऱ्याच दिवशी काढलंस. आयुष्यात तुला हरवणारी एकच बाई मी पाहिली, ती लालबागला राहते. सच्या, म्हणजे त्यांचा मुलगा, मस्कतला एसी दुरुस्त करतो. रोज संध्याकाळी काकू फोन लावून तो चहा-साखरेच्या डब्याला टेकवून ठेवतात आणि आपल्या कामाला लागतात. मांडणीमुळे चित्र येतच नाही. मध्येच कधीतरी "मीठ घातलंस?" "हो." बस.

नियम काढला, पण पुढे आपण काय केलं? नोंदींमध्ये असले कॉल ढिगाने होते. बोलणं नाही, म्हणजे तुटायला आवाज नाही. चेहरा नाही, म्हणजे अडकायला चित्र नाही. कॉलनंतर तारे द्या म्हटलं तर काकू कधी तारे देत नव्हत्या, नुसता फोन उचलून ठेवायच्या. मोजायचं काय यात? तू त्यांना "मुके कॉल" असं नाव दिलंस आणि आपण दोघींनी मिळून ते सगळे रद्दच्या खात्यात टाकले. आणि उरलेल्या कॉलांवर पुन्हा भांडायला बसलो, चेहरा की आवाज.

मग तुझा घसा बसला. लेक्चरं जास्त झाली म्हणालीस, आलं घालून चहा प्यायलीस, खडीसाखर चघळत बसलीस. मी डॉक्टरकडे जा म्हणून कटकट केली. तू म्हणालीस, "तू एवढी ओरडतेस, तुझा बसत नाही, माझा कसा बसला हाच संशोधनाचा विषय आहे." हसलो. पुढचं सगळं फार भराभर झालं. ऑपरेशन झालं, गळ्यात नळी बसवली, आणि तुझा आवाज गेला.

आवाजच गेला गं तुझा! मला देवावर विश्वास नाही, पण तेव्हा कुणावर तरी खेकसावंसं वाटत होतं. तू मात्र फोनवर टाइप करून दाखवलंस, "आता तुझा मुद्दा बरोबर होता असं म्हणू नकोस." मी म्हटलं, "शुभे, तुझ्या फोनवर तरी नियम बदलते. चेहरा आधी, आवाज नंतर. निदान तू दिसशील." तू बोट नाचवून नाही म्हणालीस. टाइप केलंस, "प्रयोगाच्या मध्ये नियम बदलायचा नाही." एवढा हट्ट! नळी लावलेली, डोळे खोल गेलेले, आणि बाईला प्रयोगाची पडलीये. मी तुझ्या उशाशी बसून तुझ्यावर ओरडले आणि नर्सने मला बाहेर काढलं.

नंतर मलाच खोकला झाला, आणि त्या परळच्या हॉस्पिटलात मला वॉर्डच्या दारातूनही सोडेनात. त्यांचं बरोबर होतं. तुला त्या दिवसांत कुणाचा संसर्ग झेपला नसता. मी घरी, तू तिथे. एका संध्याकाळी विनूने, तुझ्या भावाने, तुझ्या फोनवरून आपल्या अ‍ॅपवर कॉल लावून तो तुझ्या हातात दिला.

तू दिसलीस. डोक्याला रुमाल, गाल बसलेले, पण भुवई मात्र नेहमीसारखी वर. मी "शुभे" म्हणेपर्यंत रेंज गेली आणि तुझा नियम जागा झाला. चित्र गेलं. काळा पडदा आणि त्याच्यावर पांढऱ्या अक्षरांत तुझं नाव. तुझा नियम इमानेइतबारे तुझा आवाज माझ्यापर्यंत आणत होता, आणि तुला आवाजच नव्हता.

पंख्याची घरघर ऐकू येत होती. ट्रॉलीचं चाक. कुणाच्या तरी बांगड्या. तू नाही. मी म्हटलं, "ऐकू येतंय का? मी आहे." कोण उत्तर देणार? मी काहीबाही बोलले, हेडने टाइमटेबल कसं बिघडवलं, कँटीनवाल्याने सामोसा किती लहान केला. खरं बोलायचं होतं ते राहूनच गेलं. तू मला किती लागतेस, एवढंच बोलायचं होतं. आजवर मी ते कधी बोललेच नव्हते, आपल्यात तशी पद्धतच नव्हती. मग बोलायचं संपलं. फोन मात्र ठेववेना. बाबांची जेवायची वेळ झाली होती. मी फोन हळदीच्या डब्याला टेकवला, कुकर लावला आणि लसूण सोलायला बसले.

तेवढ्यात दारावर भाजीवाला आला. त्याने सकाळी सडके टोमॅटो दिले होते आणि मी ते सोडणाऱ्यातली नव्हे. दारात आमची जुंपली. मागे कुकर वाजतोय, वाजतोय. बाबा शेजारीच पेपर वाचत होते, त्यांना कसलं ऐकू येतंय. शेवटी माझ्याच ध्यानात आलं आणि मी धावत जाऊन गॅस बंद केला. फोनकडे बघितलं, काळा पडदा, कॉल चालू. "बंद केला गं," असं मी सवयीने म्हणाले आणि मग रडायला लागले. थोड्या वेळाने कॉल गेला, रेंजने गेला की तू ठेवलास, कळलं नाही.

सकाळी विनूचा साधा फोन आला. तो काय सांगणार ते त्याच्या "ताई" म्हणण्यावरूनच कळलं.

तेव्हापासून मला हा एकच किडा लागला होता. तुझी शेवटची संध्याकाळ, आणि मी तुला काय दिलं? सामोशाची गोष्ट, टोमॅटोवरून भांडण आणि काळा पडदा. तुला वाटलं असेल मी फोन ठेवून गेले. तुला वाटलं असेल तू एकटीच आहेस. मला झोप यायची नाही.

गेल्या रविवारी विनू आला. तुझ्या आईंनी तुझी निळी शाल माझ्यासाठी पाठवली होती. चहा घेतला, तुझ्या मांजराचं झालं, आणि उठता उठता तो म्हणाला, "ताई, एक विचारायचं होतं. शेवटच्या दिवशी तिला काहीतरी हवं होतं आणि मला ते कळलंच नाही. ते फार लागून राहिलंय."

मी म्हटलं, "काय हवं होतं?"

"तुमचा फोन चालू होता बघा, तेव्हा. कानाशी धरून पडली होती, डोळे मिटून. मला वाटलं झोपली. मी काढून घ्यायला गेलो तर सोडेना. मग एकदम डोळे उघडले आणि हात असा असा करायला लागली." विनूने हवेत मूठ धरली आणि मनगट डावीकडून उजवीकडे वळवलं. परत वळवलं. "मला वाटलं सलाईनचं काहीतरी. नर्सला बोलावलं. तिने सगळं तपासलं, म्हणाली ठीक आहे. ही मान हलवतेय, नाही नाही, आणि हात चालूच. वैतागली होती माझ्यावर. भुवई अशी वर. मी खिडकी बंद केली, पंखा कमी केला. तरी तेच."

"मग?"

"मग आपोआप थांबली. मान टाकली उशीवर आणि हसली. खरंच हसली हो. मला वाटलं, दुखायचं थांबलं असेल. मग तसाच कानाशी फोन धरून झोपली. ताई, काय मागत होती ती?"

मी विनूचा हात धरून त्याला ओट्यापाशी नेलं आणि गॅसचं बटण धरून डावीकडून उजवीकडे वळवलं. परत वळवलं. मग बोट वर करून छतावरचा पिवळा डाग दाखवला. तूच घरी सांगितलेला डाळीचा किस्सा त्याला आठवला. आम्ही दोघं ओट्याशी उभे राहून हसत होतो आणि रडत होतो, आणि बाबा पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "काय झालं? तोंड इकडे करून बोला."

मी त्यांच्याकडे तोंड केलं आणि सांगितलं.

शुभे, सोमवारी मी कॉलेजात जाऊन ते सगळे मुके कॉल परत यादीत घातले. काकूंचे सगळे, आणि त्यांच्यासारखे बाकीचेही. आपला सहा वर्षांचा निष्कर्ष त्यामुळे पार कोलमडतोय. चेहरा की आवाज हा प्रश्नच बाजूला पडतोय, आणि मला सगळं पहिल्यापासून मांडावं लागणार आहे. तपासणारे विचारतील, या कॉलांत वापरणाऱ्याचा अनुभव मोजला कसा? विचारू देत. मी भांडेन, मला तेवढं येतं. निबंधावर तुझं नाव पहिलं आहे आणि कुणी काढायला सांगितलं तर तुझ्या टेबलावरचा तो प्रिंटर खिडकीतून खाली जाईल.

पार्टी मात्र तू बुडवलीस. आणि तूही बरोबर नव्हतीस, मीही नव्हते, त्यामुळे ती कुणी कुणाला द्यायची होती हेही आता ठरणार नाही.

हे मी ओट्याशीच बसून लिहितेय. बाबांसाठी डाळ लावलीये. फोन हळदीच्या डब्याला टेकवलाय, उगीच, सवयीने.

झाली बघ शिट्टी.

उठते गं. बंद करते.